नेट १०० एमबीपीएसचं, तरी कॉल तुटतो: दोष कसा शोधावा

स्पीड टेस्टवर आकडा झकास दिसतो, सिनेमा न अडखळता चालतो, पण इंटरनेटवरून फोन लावला की "हॅलो, ऐकू येतंय का?" सुरू. बहुतेक जण अशा वेळी मोठा प्लॅन घेतात, आणि तक्रार जागची हलत नाही. कारण कॉलला वेग फारसा लागतच नाही. किती लागतो ते आधी मोजू.

टेलिफोनीत जी.७११ हा जुना कोडेक (आवाजाचे आकडे करण्याची पद्धत) आजही सगळीकडे चालतो. त्यात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येक नमुना ८ बिटांचा. म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. या प्रवाहाचे २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात. एका तुकड्यात आवाजाचे १६० बाइट, आणि त्यावर पत्ता, क्रमांक वगैरेचे ४० बाइट (आयपी २०, यूडीपी ८, आरटीपी १२). अशी २०० बाइटांची पॅकेटं सेकंदाला ५० सुटतात. झाले ८० किलोबिट. इथरनेटचं वेष्टण धरलं तर ८७ च्या आसपास. १०० एमबीपीएसचा हजारावा भागसुद्धा भरत नाही.

अडतं ते वेळेवर. ही ५० पॅकेटं ठेक्यात पोचायला हवीत. सिनेमा दाखवणारं ॲप काही सेकंदांचा साठा आधीच करून ठेवतं, हरवलेला तुकडा परत मागवतं. बोलण्यात ती चैन नाही. उशिरा आलेला शब्द न आल्यासारखाच. ऐकणाऱ्याच्या टोकाला जिटर बफर पॅकेटांना क्षणभर थोपवून समान अंतराने सोडतो, पण त्याहून उशीर झालेलं पॅकेट तो सरळ टाकून देतो. आवाज यंत्रमानवासारखा होतो किंवा अक्षरं गळतात ती इथे.

म्हणून तीन गोष्टी पाहायच्या. एका बाजूचा उशीर: आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीनुसार १५० मिलिसेकंदांपर्यंत संभाषण सहज होतं, ४०० च्या पुढे जाऊ नये. जिटर, म्हणजे उशिरातला चढउतार, ३० मिलिसेकंदांच्या आत असावा. आणि गळती, म्हणजे वाटेत हरवलेली पॅकेटं, १ टक्क्याखाली. शेवटचे दोन आकडे कामापुरते ठोकताळे आहेत, पण उपयोगी पडतात.

पायरी १: दोन ठिकाणी पिंग

लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल उघडा. आधी आपल्याच राउटरला पिंग करा, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो), मग बाहेर ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. विंडोज चार वेळा पिंग करून थांबतं. दोन्हीकडे निदान १०० पिंग घ्या. सरासरीकडे पाहू नका, सगळ्यात मोठा आकडा आणि गळती पाहा.

राउटरचाच पिंग मध्येच २ वरून ८० मिलिसेकंदांवर उड्या मारत असेल तर दोष घरात, वायफायमध्ये आहे. कंपनीला फोन करून उपयोग नाही. राउटरपर्यंत सगळं शांत आणि बाहेरचा पिंग बिघडलेला, तर पुढचा प्रश्न: हा बिघाड कायम आहे की घरात कुणी काही अपलोड करताना होतो? एखादी मोठी फाइल क्लाउडवर चढवायला लावा आणि तोच पिंग पुन्हा घ्या. हीच खरी परीक्षा. २० चे ३०० झाले तर चोर सापडला. पायरी ३ वर या. अपलोड नसतानाही बिघाड कायम असेल तर मात्र कंपनीला कळवा.

पायरी २: वायफाय

टेबलावरचा फोन किंवा लॅपटॉप केबलने जोडता येत असेल तर जोडा, बाकी काही वाचायची गरज नाही. ते जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. अपार्टमेंटमध्ये वरच्या, खालच्या, शेजारच्या घरांचे राउटर त्याच तिघांवर भांडत असतात. कॉल जिथे बसून करता तिथे सिग्नल उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला (उणे ६०, उणे ५०) हवा. मोबाइलवरचं कुठलंही वायफाय ॲनालायझर हा आकडा दाखवतं.

स्वस्तातला रिपीटर टाळा. एकाच रेडिओवर घेऊन त्याच रेडिओवर पुढे देणारा रिपीटर प्रत्येक पॅकेट हवेत दोनदा पाठवतो, आणि आधीच गर्दी असलेली हवा आणखी भरते. रेंजच्या कांड्या वाढतात, कॉल बिघडतो.

पायरी ३: अपलोडची रांग

मोबाइल रात्री फोटोंचा बॅकअप घेतो, सीसीटीव्ही क्लाउडवर चित्रण टाकतो. अपलोडची वाट भरली की राउटर किंवा त्यापुढचं कंपनीचं उपकरण पॅकेटं फेकून न देता मोठ्या रांगेत उभी करतं, आणि आवाजाचं छोटं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाशी अडकतं. लक्षण ओळखीचं आहे: तुम्हाला समोरचा स्वच्छ ऐकू येतो, त्याला तुम्ही तुटक.

उपाय राउटरमध्ये आहे. क्यूओएस किंवा एसक्यूएम नावाची, रांगेला शिस्त लावणारी सोय शोधा, एफक्यू-कोडेल किंवा केक या रांग हाताळण्याच्या पद्धतींपैकी पर्याय असेल तर निवडा, आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. ३० एमबीपीएस मिळत असतील तर २६. रांग मग कंपनीच्या उपकरणात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे छोट्या पॅकेटांना आधी सोडता येतं. आवाजाच्या पॅकेटांवर डीएससीपी ४६ ही अग्रक्रमाची खूण लावण्याचा सल्लाही मिळेल. लावा, पण घराबाहेर तिला कुणी मान देईल या भरवशावर राहू नका.

पायरी ४: ऑफिसचा आयपी फोन किंवा सॉफ्टफोन (संगणकावरचं फोनचं ॲप)

व्हॉट्सॲपसारखी ॲपं राउटरमधून वाट काढायचं काम स्वतःच करतात. हा भाग एसआयपी या कॉल जोडण्याच्या पद्धतीवर चालणाऱ्या फोनसाठी. त्यात कॉल दोन वाटांनी जातो. घंटी वाजवणं, उचलणं, ठेवणं हे एसआयपीचं काम, बहुधा ५०६० पोर्टवर. आवाज मात्र आरटीपीतून, वेगळ्या पोर्टांवर. घंटी वाजते आणि आवाज येत नाही, हे म्हणूनच घडू शकतं.

एकाच बाजूला ऐकू येतं, तेव्हा बहुतेकदा फोनने "आवाज इथे पाठवा" म्हणून आपला घरगुती पत्ता (१९२.१६८ वाला) कळवलेला असतो. बाहेरच्या जगात त्या पत्त्यावर काहीच पोचत नाही. राउटरमध्ये एसआयपी एएलजी चालू असेल तर पहिल्यांदा ते बंद करा. मदतीसाठी दिलेली ही सोय एसआयपीतले पत्ते परस्पर बदलते आणि बऱ्याचदा चुकीचे बदलते. मग फोनमध्ये स्टन सर्व्हर (फोनला त्याचा बाहेरचा पत्ता सांगणारा) भरा, किंवा सेवा देणाऱ्याला नॅट (राउटरने घरगुती पत्त्याच्या जागी बाहेरचा पत्ता लावणं) हाताळणी त्यांच्या बाजूने चालू करायला सांगा.

कॉल कट होत असेल तर घड्याळ लावा. दर वेळी बरोबर ३२ सेकंदांनी कट होत असेल तर कॉल उचलल्याची पोच पलीकडे पोचत नाहीये: एसआयपीत अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट वेळ वाट पाहून फोन हात टेकतो. कारण पुन्हा नॅट किंवा एएलजीच. १५ किंवा ३० मिनिटांनी तुटत असेल तर सेशन टायमर (कॉल अजून चालू आहे ना हे ठरावीक वेळाने तपासणारं घड्याळ) तपासा. तो बहुधा १,८०० सेकंदांचा असतो आणि निम्म्या वेळी नूतनीकरण मागतो. बाहेर फोन लागतो पण काही वेळाने येणारे वाजेनासे होतात, तेव्हा राउटरने उघडलेली वाट मिटवून टाकलेली असते. कीप-अलाइव्ह (वाट उघडी ठेवायला फोन अधूनमधून पाठवतो ते छोटं पॅकेट) २० ते ३० सेकंदांवर ठेवा.

४८८ हा कोड दिसला तर दोन्ही टोकांचा कोडेक जुळत नाही, जी.७११ चा ए-लॉ प्रकार यादीत आहे का पाहा, भारतात तोच चालतो. बँकेच्या आयव्हीआरमध्ये ("मराठीसाठी १ दाबा" वाली यंत्रणा) बटणं लागत नसतील तर डीटीएमएफचा, म्हणजे बटणांच्या सुरांचा, पर्याय 'आरएफसी २८३३' किंवा '४७३३' करा. आणि स्वतःचाच आवाज परत ऐकू आला तर आपला फोन बदलायला धावू नका: तो प्रतिध्वनी समोरच्याच्या स्पीकरमधून त्याच्या माइकमध्ये शिरतोय. त्याला हेडफोन लावायला सांगा.

जे दुरुस्त होत नाही

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका बाजूला ६२ मिलिसेकंद कुणालाच चुकत नाहीत, आणि समुद्रातल्या केबल सरळ रेषेत जातही नाहीत. त्यात पॅकेट भरायचे २० आणि जिटर बफरचे ४०-६० मिळवले की १५० गाठलेच. मुलगी न्यू जर्सीला असेल आणि दोघं एकदमच बोलायला लागत असाल, तर राउटरशी झटापट करू नका. मध्ये व्हीपीएन असेल तेवढा बंद करा.

आणखी एक गोष्ट विजेची. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, त्यामुळे गावभर अंधार असला तरी फोन वाजायचा. फायबरवरचा फोन वीज गेली की मुका. राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या (बरेचसे १२ व्होल्टचे असतात), आणि ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडली जाते ती डबी) वेगळी असेल तर तिलाही त्यावर जोडा. नुसता राउटर चालू राहिला तर वायफाय पूर्ण दिसेल, पण कॉल लागणार नाही.