पावेल हास यांचे दुसरे क्वार्टेट ऐकण्यापूर्वीची तयारी

चेक संगीतकार पावेल हास यांच्या दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटचे, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो या चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेचे, ध्वनिमुद्रण ऐकायला बसण्यापूर्वी सलग पाऊण तास हाताशी आहे याची खात्री करून घ्यावी. रचना सुमारे अर्ध्या तासाची असली, तरी तिचे चारही भाग क्रमानेच ऐकायला हवेत. आधी शेवटचा भाग चाखून पाहिला, तर तिसऱ्या भागातली शांतता पुढे कशाची वाट पाहत थांबली आहे, हे कळण्याची संधी कायमची जाते. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये, कारण त्यावर चेलोचा खालचा स्वर जवळजवळ नाहीसा होतो आणि या रचनेचा बराचसा तोल त्याच स्वरावर आहे.

मुद्रण निवडताना 2006 साली सुप्राफोन या चेक ध्वनिमुद्रण कंपनीने काढलेली तबकडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती वाजवणारा संच 2002 मध्ये स्थापन झाला आणि त्याने या संगीतकाराचेच नाव घेतले. व्हेरोनिका यारुश्कोव्हा पहिले व्हायोलिन वाजवतात आणि पेटर यारुशेक चेलो. या तबकडीला ‘ग्रामोफोन’ या ब्रिटिश संगीत मासिकाचा 2007 चा पुरस्कार मिळाला. मात्र तिची शिफारस मी पुरस्कारामुळे करत नाही, तर शेवटच्या भागातील तालवाद्यांमुळे करतो. हास यांनी त्या भागात चार तंतुवाद्यांच्या जोडीला जॅझ बँडची तालवाद्ये घातली होती, पण 1926 मध्ये ब्रनो शहरात रचना प्रथम सादर झाली तेव्हा ती अनेकांना रुचली नाहीत आणि पुढे त्यांनी स्वतःच ती गाळली. त्यामुळे काही मुद्रणांत हा भाग केवळ तंतुवाद्यांवर ऐकायला मिळतो. आपल्यासमोर आलेल्या मुद्रणाच्या वादकांच्या यादीत तालवादक कॉलिन करी हे नाव असेल, तर तालवाद्ये आहेत असे समजावे.

याच तबकडीवर हास यांचे गुरू लेओश यानाचेक यांचेही दुसरे क्वार्टेट आहे, आणि तेथे एक गैरसमज सहज होतो. हास 1920 ते 1922 या काळात यानाचेक यांच्याकडे शिकले, आणि लहानसा स्वरसमूह हट्टाने पुन्हा पुन्हा वाजवत त्याचा अचानक रंग पालटण्याची गुरूंची रीत शिष्याच्या लेखनात ठळक दिसते. पण हास यांची रचना 1925 ची आहे आणि यानाचेक यांची 1928 ची. दोन्ही लागोपाठ ऐकताना शिष्याने याच रचनेची नक्कल केली असे वाटू लागले, तर ही दोन साले आठवावीत. मी तर पहिल्यांदा ऐकताना हास यांचीच रचना आधी लावावी असे सुचवेन.

रचनेच्या नावाचा अर्थ आधी समजून घ्यावा. ‘माकडांच्या डोंगरांतून’ असे ते नाव आहे, पण त्यात माकडे शोधू नयेत. बोहेमिया आणि मोराविया या चेक प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ प्रदेशाला ब्रनोचे लोक गमतीने असे म्हणत, आणि हास यांनी तेथे घालवलेल्या उन्हाळी सुटीतून ही रचना उगवली. चारही भागांची नावे एका चिठ्ठीवर लिहून समोर ठेवावीत: ‘निसर्गदृश्य’, ‘गाडी, गाडीवान आणि घोडा’, ‘चंद्र आणि मी’, ‘बेफाम रात्र’. या रचनेत सर्वत्र गतीचेच राज्य आहे, असे हास यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, म्हणून स्वरांचा माग लागेनासा झाला की गतीकडे लक्ष द्यावे.

दुसऱ्या भागासाठी कान विशेष तयार ठेवावा लागतो. आपल्या कानाला मींडेची सवय आहे, आणि तारेवरून बोट घसरले की आपण नकळत गोडवा शोधू लागतो. येथे मात्र वादक स्वरांवरून मुद्दाम ओबडधोबड घसरतात, वंगण आटलेल्या चाकाने चढावर कुरकुरत जावे तसे, आणि शेजारशेजारचे स्वर एकमेकांना घासत राहतात. मुद्रण बिघडले आहे असे समजून थांबवू नये. थोड्याच वेळात घोड्याला चाल सापडते, लय वाढत जाते आणि मघाची तीच कुरकुर धावेत मिसळून जाते. हा बदल नेमका कोणत्या क्षणी घडला, हे मला अनेकदा ऐकूनही पकडता आलेले नाही.

आवाजाची पातळी तिसऱ्या भागावरून ठरवू नये. तो इतका हळू आहे की हात आपोआप आवाज वाढवायला जातो, आणि मग बेफाम रात्र अंगावर कोसळते.

शेवटची तयारी मनाची आहे, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. 1899 मध्ये जन्मलेले हास ज्यू होते. डिसेंबर 1941 मध्ये त्यांना तेरेझिन येथे, नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, नेण्यात आले आणि ऑक्टोबर 1944 मध्ये ऑशविट्झ येथे त्यांची हत्या झाली. हे ठाऊक असलेला श्रोता प्रत्येक मंद स्वरात तो शेवट ऐकू लागतो. पण या क्वार्टेटमध्ये सव्वीस वर्षांचा एक तरुण सुटीवर गेला आहे, गाडीत धक्के खातो आहे, चांदण्यात एकटा उभा आहे आणि पहाटेपर्यंत नाचतो आहे. त्याचा तो आनंद पुढे घडलेल्या क्रौर्याच्या हवाली करणे मला अन्यायाचे वाटते, म्हणून ऐकण्याच्या दिवशी 1925 या सालापुढे जाऊ नये. तेरेझिनमध्ये 1943 साली त्यांनी तंतुवाद्यवृंदासाठी लिहिलेली ‘स्टडी फॉर स्ट्रिंग्ज’ ही रचना जरूर ऐकावी. तेथे तिचे संचालन करणारे कारेल आंचेर्ल जिवंत परतले आणि त्यांच्यामुळे ती आपल्यापर्यंत पोहोचली. मात्र तिच्यासाठी वेगळा दिवस राखून ठेवावा.