टेंपरेचर सेन्सर खरंच गेलाय का? तपासायचा कसा आणि बदलायचा कधी

‘गाडी हीट होतेय’ म्हणून गॅरेजमध्ये नेली की पुष्कळदा पहिला बळी टेंपरेचर सेन्सरचा जातो. भाग छोटा, बदलायला सोपा, आणि बिलात काहीतरी केल्यासारखं दिसतं. पण कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गळत असेल, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) अडकला असेल किंवा वॉटर पंप गेला असेल, तर सेन्सर बिचारा फक्त खरं सांगत असतो. त्याला काढणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तेव्हा आधी तपास, मग पाना.

हा सेन्सर बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर किंवा सिलिंडर हेडवर बसवलेला असतो आणि त्याचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असतं. टोकाच्या आत थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो. बॉशच्या प्रचलित सेन्सरमध्ये २० अंश सेल्सिअसला हा रोध साधारण २,५०० ओहम असतो, ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास आणि १०० अंशांना दोनशेच्याही खाली. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर, या सर्किटला ५ व्होल्ट देतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट उरले त्यावरून तापमान ओळखतो. इंजिन थंड असेल तर पेट्रोल जास्त सोडायचं, आयडलिंग थोडं चढं ठेवायचं, रेडिएटरचा फॅन कधी लावायचा, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं.

म्हणूनच सेन्सर बिघडला की लक्षणं भलतीकडेच दिसतात. तो ‘इंजिन थंडच आहे’ असं सांगत राहिला तर पेट्रोल जास्त जातं, ॲव्हरेज पडतं, काळा धूर येतो, गरम इंजिन पटकन स्टार्ट होत नाही. फॅनही उशिरा लागू शकतो आणि मग गाडी खरोखर तापते. उलट सकाळी थंड इंजिनालाच तो ‘गरम’ म्हणाला, तर स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरते. चावी फिरवल्याबरोबर फॅन सुरू होऊन थांबतच नसेल, तर अनेक गाड्यांत त्याचा अर्थ एवढाच की सेन्सरचा सिग्नल पोचत नाहीये आणि ईसीयूने खबरदारी घेतली आहे.

डॅशबोर्डच्या काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, थोड्याफार चढउताराला हलतच नाही. कित्येक छोट्या गाड्यांत काटाही नसतो, थंडीला निळा दिवा आणि तापल्यावर लाल. खरा आकडा हवा तर मोबाइलला ब्लूटूथने जोडणारा साधा ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) घ्या.

तपासणी, या क्रमाने

१. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी बघा. पातळी खाली गेली की सेन्सरचं टोक हवेत किंवा वाफेत उघडं पडतं आणि आकडा चुकतो. घाटात गाडी उकळत असताना काटा खाली आलेला दिसला तर हुरळून जाऊ नका, कदाचित आत कूलंटच उरलेलं नसेल.

२. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, स्टार्ट न करता, चावी ऑन करून स्कॅनरवर दोन आकडे बघा: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. दोन्ही जवळपास सारखे हवेत. हवा २४ आणि कूलंट ५० दाखवत असेल तर सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. माझ्या मते घरी करता येण्यासारखी यापेक्षा चांगली चाचणी नाही.

३. आता इंजिन चालू करा. आकडा सलग चढत जायला हवा आणि बहुतेक गाड्यांत ८५ ते १०० च्या दरम्यान स्थिरावायला हवा. ६० वरून एकदम ११०, परत ६० अशा उड्या म्हणजे सेन्सर किंवा कपलर (सेन्सरला वायर जोडणारा प्लग) खराब. सत्तरच्या पुढे जातच नसेल, किंवा स्कॅनरवर पी०१२८ हा बिघाडाचा कोड आला असेल, तर आधी थर्मोस्टॅट बघा, तो उघडा अडकलेला असण्याची शक्यता जास्त.

४. पी०११७ किंवा पी०११८ हे कोड सेन्सरच्या सर्किटचे. चावी बंद करून कपलर काढा. पिनांवर हिरवट गंज, कूलंटचा ओलावा, उंदराने कुरतडलेली वायर दिसते का? मग कपलर सुटाच ठेवून चावी ऑन करा. दोन वायरच्या सेन्सरमध्ये स्कॅनरने उणे ४० च्या आसपास दाखवायला हवं. कपलरच्या दोन टोकांना क्षणभर तार जोडली की आकडा १२० च्या वर उडायला हवा. दोन्ही झालं तर वायरिंग ठीक, दोष सेन्सरचा.

काढलेल्या सेन्सरची खात्री करायची असेल तर त्याचं टोक पाण्याच्या भांड्यात धरा, शेजारी थर्मामीटर, पिनांना मल्टिमीटर, आणि पाणी तापवा. रोध संथपणे उतरत गेला पाहिजे. अडकला, उडी मारली, तर सेन्सर गेला. (पुण्यात पाणी ९८ अंशांनाच उकळतं, १०० ची वाट बघू नका.)

किलोमीटर बघून सेन्सर बदलायची गरज नसते. वरच्या चाचणीत नापास झाला, बॉडीला तडा गेला किंवा पिनांतून कूलंट झिरपत असेल तरच बदला.

बदलताना

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम गाडीत कूलंट दाबाखाली असतं, झाकण उघडलं तर तोंडावर उडतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, नवा सेन्सर हाताशी ठेवा. थोडं कूलंट सांडणारच. ते टबात धरा, कारण ते विषारी असून गोडसर लागतं आणि कुत्री-मांजरं चाटतात. कपलरचं लॉक दाबून सोडवा, वायर ओढू नका. काही सेन्सर आट्यांचे असतात, काही क्लिपचे. नवा वॉशर किंवा ओ-रिंग वापराच. आटे आधी हाताने बसवा, मग पान्याने बेतानेच आवळा. हाउसिंग ॲल्युमिनियमचं किंवा प्लास्टिकचं असतं, जोर लावला की फुटतं. सेन्सर एका वायरचा असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्याची अर्थिंग आट्यांतूनच होते.

मग गाडीला सांगितलेलं तेच कूलंट भरा, मॅन्युअलप्रमाणे हवा काढा, कोड पुसा आणि फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा, अडकलेली हवा निघाली की ती थोडी उतरते. नवा सेन्सर लावूनही तोच कोड परत आला, तर आणखी एक सेन्सर विकत आणू नका. वायरिंग इलेक्ट्रिशियनला दाखवा.