ॲशचा बेचका वेळीच काढला

अंगणात सावली लवकर हवी म्हणून ॲश (थंड प्रदेशातलं एक पानगळीचं झाड) लावला. वाढ जोरात होती, पण तिसऱ्या वर्षी थंडीने शेंडा जळाला आणि खालच्या दोन डोळ्यांतून सारख्याच जाडीच्या दोन फांद्या सरळ वर गेल्या. ॲशचे डोळे समोरासमोर जोडीने येतात, त्यामुळे शेंडा गेला की असा बेचका सहज होतो. मला ते आधी छानच वाटलं, झाड भरगच्च दिसत होतं ना! मग एकदा वाकून बेचक्यात पाहिलं. दोन्ही फांद्यांमधली साल आत दुमडली होती, नख जाईल एवढी फट आणि तिच्यात ओल. लाकूड लाकडाला जुळलंच नव्हतं. असा सांधा पुढे झाड मोठं झालं की वादळात उभा चिरतो.

पानगळ झाल्यावर दोन्हींतली एक फांदी आधी निम्मी छाटली. जीव कासावीस झाला, पण छाटली. पुढच्या हिवाळ्यात त्याच फांदीचा उरलेला भाग धारदार करवतीने काढला, खोडाची साल सोलू न देता. जखमेवर रंग, डांबर काही लावलं नाही. झाड स्वतःच कड भरून घेतं. आता शेंडा एकच आहे आणि सालीची गोल कड जवळजवळ मिटत आलीय.