दुबईतला फ्लॅट ताब्याआधी विकताय?
लातूर-नांदेडकडून दुबईत सुट्टीसाठी म्हणून बांधकाम चालू असतानाच फ्लॅट बुक केला आणि आता विकायचाय? गिऱ्हाईक शोधण्याआधी करारनामा काढून वाचा. बिल्डरचं ना-हरकत पत्र लागतंच, आणि ते बहुतेकदा किमतीचे ३० ते ४० टक्के भरल्यावरच मिळतं. शिवाय नवीन नोंदणीचं ४ टक्के शुल्क. घेणारा ते भावातून कापायला बघणारच. (एजंट हे बुकिंगच्या वेळी कशाला सांगतोय!) तिकडे नफ्यावर कर नाही म्हणून निर्धास्त राहू नका. भारतात राहणाऱ्याला तो इथे भरावाच लागतो. रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यातही नोंद हवी. सीएला सौदा ठरण्याआधीच गाठा, जुलैच्या गर्दीत नको.