सामाईक रस्ता: मालकी कोणाची, वहिवाट कोणाची आणि मुरुमाचे पैसे कोणी द्यायचे

डांबरी रस्त्यापासून आत तीन-चार शेतं, किंवा एकाच गटात पाचसहा जणांनी घेतलेली जमीन, आणि सगळ्यांना मिळून एकच रस्ता, हे चित्र आता प्रत्येक तालुक्यात आहे. हा रस्ता ग्रामपंचायतीचा नसतो, बांधकाम खात्याचा नसतो, त्यामुळे खड्डा पडला तर कोणी बुजवायला येत नाही आणि कोणी आडवे दगड टाकले तर आपलं आपल्यालाच निस्तरावं लागतं. आणि भांडण पेटलं की कळतं, आपला या रस्त्यावर नेमका कसला हक्क आहे हे दोघांपैकी एकालाही माहीत नाही. म्हणून सगळ्यात आधी ते बघा, मुरूम-खडी नंतर.

पहिलं काम, गावनकाशा काढा, तुकड्या-तुकड्यांच्या रेघांनी दाखवलेला गाडीमार्ग किंवा पायमार्ग तुमच्याच रस्त्यावरून जात असेल तर तो खाजगी नाहीच, तो सगळ्या गावाचा, आणि त्यावरचं अतिक्रमण काढायचं काम तहसीलदारांचं. नकाशात काही नसेल तर सातबारा आणि जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं घेऊन बसा. तीनपैकी एक काहीतरी निघेल.

एक, रस्त्याची पट्टी सगळ्यांच्या नावावर सामाईक आहे. मग प्रत्येकजण पूर्ण पट्टीचा मालक, म्हणजे तुमचा हिस्सा एक-पंचमांश असला तरी "माझ्यापुरता एवढा तुकडा" म्हणून तिथं कडबा रचता येत नाही, गाडी कायमची लावता येत नाही, तार ओढता येत नाही.

दोन, जमीन पुढच्याची, म्हणजे ज्याच्या शेतातून रस्ता जातो त्याची, आणि तुम्हाला फक्त जायचा-यायचा हक्क. याला सुखाधिकार म्हणतात, १८८२ चा कायदा आहे त्याचा. हा हक्क लिहून दिलेला असतो, किंवा वाटणीत मागची जमीन कोंडली गेली म्हणून गरजेपोटी मिळतो, किंवा २० वर्षं उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्कानं वापर केल्यामुळं तयार होतो. इथं 'हक्कानं' हे महत्त्वाचं, पुढच्याला विचारून, त्याच्या परवानगीनं गेलेली वर्षं मोजली जात नाहीत. आणि गरजेपोटी मिळालेली वाट दुसरा रस्ता मिळाला की संपते.

तीन, नुसती परवानगी. काकांनी जाऊ दिलं, म्हणून आपण जातो. काका आहेत तोवर ठीक, पण मुलगा उद्या नको म्हणाला तर हातात काही नाही. गावाकडं निम्मे रस्ते या तिसऱ्या प्रकारात असावेत असं माझं मत आहे, आणि तुमचाही त्यातला असेल तर तो दुसऱ्या प्रकारात आणायचं काम आजच सुरू करा, बोलणं चालू आहे तोवर.

आता खर्चाचं. इथंच सगळ्यात जास्त गैरसमज. सुखाधिकार असेल तर रस्ता करायचा आणि राखायचा खर्च वापरणाऱ्याचा, ज्याच्या जमिनीतून जातो त्याचा नाही, त्यानं फक्त अडवायचं नाही. खूप लोक पुढच्या शेतकऱ्याकडं वर्गणी मागतात आणि तो चिडतो, त्याचं चिडणं बरोबर आहे. हिशोब करून बघा, १२ फुटी रस्ता १००० फूट लांब गेला की ११ गुंठे जमीन गेली, त्यानं आधीच एवढं दिलेलं आहे. वर तुम्ही टाकलेल्या मोरीची किंवा पाईपची देखभाल केली नाही आणि पाणी तुंबून त्याचं पीक गेलं तर नुकसानभरपाई तुमच्याकडं लागते.

सामाईक मालकी असेल तर खर्च सगळ्यांचा, पण कसा वाटायचा हे कोणी लिहून ठेवत नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात फाटतं. सारखी वाटणी ऐकायला चांगली वाटते पण टिकत नाही, कारण तोंडाशी असलेला माणूस १०० फूट वापरतो आणि शेवटचा १००० फूट. मला सगळ्यात न्याय्य वाटते ती टप्प्यांची पद्धत: पहिल्या टप्प्याचा खर्च सगळ्यांनी, दुसऱ्याचा पहिला सोडून बाकीच्यांनी, असं शेवटपर्यंत. त्यात अवजड वाहनाचं वेगळं ठरवा, म्हणजे ऊसाचे ट्रक, बांधकामाचे डंपर, बोअरची गाडी ज्याच्यासाठी आली त्यानं रस्ता होता तसा करून द्यायचा, आणि येण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. बाजूची नाली मात्र सगळ्यांनी मिळून मे महिन्यातच काढा. मुरूम पाण्यानं जातो, चाकांनी त्यामानानं कमी, आणि नाली नसेल तर दरवर्षी नवा मुरूम टाकणं म्हणजे पैसे ओढ्याला सोडणं.

जायच्या हक्कात काय काय येत नाही हेही नीट समजून घ्या. पाईपलाईन, विजेचा पोल, केबल हे आपोआप येत नाही, वेगळं लिहून घ्यावं लागतं. ज्या जमिनीसाठी हक्क आहे तिच्यासाठीच तो वापरायचा, पलीकडं अजून दोन एकर घेतली म्हणून तिची वाहतूकही त्याच रस्त्यानं करू म्हटलं तर चालत नाही. आणि मागच्या शेतात प्लॉटिंग करून तीस घरांची रहदारी पुढच्याच्या बांधावर टाकायची, यालाही कायदा परवानगी देत नाही, ओझं एवढं वाढवता येत नाही. पुढच्या मालकालाही त्याची बाजू आहे, तो रस्त्याकडेनं झाडं लावू शकतो, जनावरांसाठी फाटकही लावू शकतो, पण किल्ली सगळ्यांकडं हवी आणि ट्रॅक्टर ट्रॉलीसकट वळला पाहिजे.

कागद कसा करायचा? साध्या स्टॅम्पवर नोटरी करून भागत नाही. जमिनीतला हक्क आहे, तेव्हा दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर करा. त्यात गट नंबर, रुंदी, लांबी, कुठल्या बांधानं जातो, कशासाठी वापरायचा, पाईप आणि पोलचं काय, खर्चाची वाटणी, आणि जमीन विकली तर नव्या मालकालाही हे लागू, एवढं तरी हवंच. शक्य असेल तर आधी मोजणी करून नकाशा जोडा, कारण "नेहमीची वाट" या शब्दांवरून दहा वर्षांनी वाद होतो. मग तलाठ्याकडं म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं फेरफार टाकून सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात नोंद करून घ्या. मे २०२५ च्या शासन निर्णयातही शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि इतर हक्कात नोंद व्हावी असं सांगितलंय, तो अर्जासोबत जोडा. पट्टी विकतच घ्यायची असेल तर तुकडेबंदी कायदा, म्हणजे शेतजमिनीचे फार छोटे तुकडे विकायला अटकाव करणारा कायदा, आडवा येऊ शकतो, खरेदीचे पैसे देण्याआधी तहसीलमध्ये विचारा.

आणि रस्ता अडवलाच तर. शेताचा रस्ता असेल आणि चालू वहिवाट बंद केली असेल तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडं अर्ज, पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. बैठकी घेत, पाहुणे मध्ये घालत लोक हे सहा महिने घालवतात, ते करू नका, बोलणी चालू ठेवा पण अर्ज आधी टाका. रस्ता मुळातच नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. तहसीलदार जागा बघून, लागूनच्या शेतकऱ्यांना ऐकून ठरवतात, आणि निर्णय पटला नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं, किंवा एका वर्षात दिवाणी दावा. ही दोन्ही कलमं शेतीसाठी आहेत, एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट किंवा बंगल्याच्या रस्त्याला सरळ दिवाणी कोर्टच. अर्जाला अडवलेल्या जागेचे तारखेसह फोटो, गावनकाशा, सगळ्या लागून असलेल्या गटांचे सातबारे जोडा, आणि लगतच्या एकाही खातेदाराला पक्षकार करायचं विसरू नका, नाहीतर निकाल लागल्यावर तोच उठून म्हणतो की मला कोणी विचारलंच नाही आणि प्रकरण परत पहिल्या तारखेला येतं.