लंडनहून पॅरिसला निघताना

सरळ रेषेत मोजलं तर लंडन ते पॅरिस जेमतेम ३४४ किलोमीटर, रस्त्याने साडेचारशेच्या पुढे. युरोस्टार रेल्वे हे अंतर साधारण सव्वादोन-अडीच तासांत कापते. म्हणून लगेच तिकीट काढायला बसू नका, आधी व्हिसाचं बघा. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या फ्रान्स, नेदरलँड्स वगैरे युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर दोन वेगळे व्हिसा लागतात. शेंगेनचा अर्ज मुंबई-पुण्यातूनच उरकून निघा. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर गेलेल्यांचा अर्ज लंडनमध्ये सहसा घेत नाहीत. सोबत ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. आणि व्हिसावर प्रवेश एकदाच आहे की अनेकदा, ते नीट वाचा. पॅरिसहून लंडनला परतून पुन्हा ॲमस्टरडॅमला जायचा बेत असेल, तर एकदाच्या प्रवेशावर तो जमणार नाही.

आता वेळेचा हिशोब. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं आणि तिकिटावर त्या-त्या गावची वेळ छापतात. त्यामुळे जाताना प्रवास साडेतीन तासांचा वाटतो आणि येताना दीड तासाचा. पॅरिसला उतरल्या दिवशीच एखाद्या संग्रहालयाची वेळ घेतली असेल, तर हा तास आधीच वजा करून ठेवा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर गाडीच्या निदान तासभर आधी पोहोचा, सुट्टीच्या दिवसांत त्याहूनही लवकर. ही काही डेक्कन क्वीन नव्हे की धावत येऊन डबा गाठला! सामानाची तपासणी होते, फ्रेंच पोलीस पासपोर्ट तिथेच बघतात आणि गाडी सुटायच्या आधीच दारं बंद होतात. फायदा असा की पॅरिसच्या गार द्यु नॉरला उतरलं की रांग नाही, थेट बाहेर.

विमान हवेत सव्वा तासच असतं, पण दोन्हीकडे विमानतळ गाठणं धरलं की पाचेक तास सहज जातात. बस स्वस्त, आठ-नऊ तासांची. रात्रीची घेतलीत तर भर झोपेत पासपोर्ट तपासणीसाठी खाली उतरायची तयारी ठेवा. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर माझं मत रेल्वेलाच.

रेल्वेतही बॅगा आपल्या आपणच चढवायच्या असतात, तेव्हा आईबाबांना उचलवेल एवढंच भरा. मुलांना आधीच सांगून ठेवा की समुद्र-बिमुद्र काही दिसत नाही. गाडी समुद्राखालून जाते आणि त्या पन्नास किलोमीटरच्या बोगद्यात वीसेक मिनिटं खिडकीबाहेर नुसता काळोख असतो.

खाऊच्या पिशवीतून तूप, पनीर, पेढे काढून ठेवा. ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. गार द्यु नॉरला पाकीटमारांचा सुळसुळाट आहे, त्यामुळे पाठीवरची सॅक पोटावर घ्या. 'टॅक्सी, टॅक्सी' करत जवळ येणाऱ्याकडे वळूनही बघू नका. बाहेरच्या टॅक्सी स्टँडवर रांगेत उभे राहा. खर्चायला पौंड नाही, युरो लागतील. चार्जरसाठी लंडनला ॲडॉप्टर लागतोच; पॅरिसला मात्र आपला बारीक दोन पिनांचा मोबाइल चार्जर सहसा तसाच बसतो.