पोर्ट ब्लेअर ते डिगलीपूर रस्त्याने कसं जायचं (आणि बाराटांगहून मागे का फिरू नये)

अंदमानला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील, झालं. एखादा म्हणेल हो बाराटांगला पण गेलो होतो, पहाटे अडीचला उठवलं, गुहा बघितली, चिखलाचा ज्वालामुखी बघितला, संध्याकाळी परत, कंबर मोडली. त्याच्यापुढे तोच रस्ता अजून दोनशे किलोमीटर वर जातो, रंगत, मायाबंदर करत थेट डिगलीपूरपर्यंत, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. टूरवाले सांगत नाहीत कारण पाच रात्रींच्या पॅकेजमध्ये ते बसत नाही.

आम्ही पाच जण गेलो होतो, त्यात आई-बाबा दोघं सत्तरीच्या आसपास, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते सगळं म्हाताऱ्या माणसांना झेपेल असंच आहे.

आधी रस्ता समजून घ्या. याला अंदमान ट्रंक रोड म्हणतात, तिथले लोक नुसतं एटीआर म्हणतात, सरकारी कागदावर राष्ट्रीय महामार्ग ४ (आधी २२३ होता). महामार्ग ऐकून एक्स्प्रेसवे डोळ्यासमोर आणू नका, बराचसा रस्ता आपल्या वरंधा घाटासारखा, वळणंच वळणं आणि दोन्ही बाजूंनी जंगल. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम् झालंय पण गाडीवाले, बसवाले अजून ब्लेअरच म्हणतात, तेव्हा दोन्ही नावं लक्षात ठेवा. अंतरं साधारण अशी: बाराटांग १००, रंगत १७०, मायाबंदर २४०, डिगलीपूर ३०० च्या पुढे. एका दिवसात होतं, बस बारा तासांच्या आसपास घेते, पण करू नका. रंगतला एक मुक्काम टाका.

आता गंमत अशी की हा रस्ता एका बेटावरचा नाहीच. दक्षिण अंदमान, बाराटांग, मध्य अंदमान, उत्तर अंदमान अशी चार बेटं आणि मध्ये तीन खाड्या. पूर्वी या तिन्ही ठिकाणी गाडी बार्जवर चढवायची, पलीकडे उतरवायची. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडला फेरीबोट केली असेल तर डोळ्यासमोर येईल, तसंच, फक्त तिथे शंभर गाड्या रांगेत आणि शेवटच्या फेरीची वेळ ठरलेली. सगळ्यात वरच्या ऑस्टिन खाडीवर २००२ मध्ये चेंगप्पा पूल झाला, मध्य आणि उत्तर अंदमान जोडले गेले. २००४ च्या डिसेंबरात जो भूकंप झाला, ज्याने त्सुनामी आली, त्यात या पुलाचा वरचा भाग खांबांवरून आडवा सरकला होता, म्हणजे पूल बांधला की काम संपलं असं त्या भागात नसतं. मग हंफ्री खाडीवर जवळपास दीड किलोमीटरचा (१.४५) आझाद हिंद फौज सेतू झाला, त्यामुळे बाराटांग ते मध्य अंदमान ही दुसरी बार्ज गेली. आमचा ड्रायव्हर सांगत होता की आधी इथे गांधीघाटच्या जेटीवर बार्जसाठी दोन-दोन तास जायचे, आता तीन मिनिटं पण लागत नाहीत, आणि हे सांगताना त्याने पुलावर गाडी मुद्दाम हळू केली, जणू पूल त्यानेच बांधलाय. राहिली पहिली खाडी, मिडल स्ट्रेट. आम्ही गेलो तेव्हा तिथे बार्जच होती.

तुम्हाला वाटेल एवढा उशीर का लागतो एक रस्ता धड करायला. तर डांबर, सिमेंट, लोखंड सगळं चेन्नई-कोलकात्याहून जहाजाने येतं. वाळू तिथल्या किनाऱ्यावरून उपसायची नाही यावर सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच बंधनं आणली. पाऊस दोन-दोन मान्सूनचा, मे पासून सुरू होतो तो डिसेंबरपर्यंत मागे-पुढे चालूच. म्हणजे काम करायला धड चार महिने मिळतात, जानेवारी ते एप्रिल, आणि नेमके तेच महिने तुमच्या-आमच्या फिरायला जायचे. त्यामुळे रस्ता रुंदीकरणाची धूळ खायची तयारी ठेवा. मास्क न्या, मी हसलो होतो बायकोला, पण रंगतच्या अलीकडे मीच मागून घेतला.

आता मुख्य भाग, कॉन्व्हॉय. इथे चुकलात तर सगळा दिवस गेला.

पोर्ट ब्लेअरपासून चाळीसेक किलोमीटरवर जिरकाटांग नावाचं चेकपोस्ट आहे. तिथून मिडल स्ट्रेटपर्यंतचा जवळपास ५० किलोमीटरचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे एकट्याने गाडी नेता येत नाही, दिवसातून ठरावीक वेळी गाड्यांचा ताफा सुटतो, पुढे-मागे पोलिसांची गाडी. पहिला सकाळी सहाचा, मग नऊचा, बाराच्या सुमारास एक आणि शेवटचा दुपारी तीनच्या आसपास. वेळा अधूनमधून बदलतात म्हणून आदल्या दिवशी ड्रायव्हरला किंवा हॉटेलवाल्याला नक्की विचारा. सहाचा पकडायचा तर साडेतीन-चारला हॉटेल सोडावं लागतं कारण पाचच्या आत रांगेत लागलात तर बरं, नाहीतर पुढे बार्जला मागे राहता.

कागदपत्रं: प्रत्येकाचं ओळखपत्र, आणि त्याची झेरॉक्स. फोटो नाही, डिजीलॉकर नाही, कागदावर झेरॉक्स. ड्रायव्हर एक फॉर्म भरतो, गाडीचा नंबर, माणसांची नावं, त्याला या झेरॉक्स लावतो. आमचं काय झालं तर ज्याच्याकडून गाडी बुक केली होती त्या एजंटने आधीच व्हॉट्सॲपवर सगळ्यांचे आधार मागवून घेतले होते, मी म्हटलं झालं काम, आणि पहाटे साडेचारला जिरकाटांगला कळलं की त्याने चारच प्रिंट काढल्यात, आईचं राहिलं. अंधारात, जंगलाच्या तोंडाशी, झेरॉक्सचं दुकान कुठून आणायचं? ड्रायव्हर कुठूनतरी मागे जाऊन करून आला पण तोवर सहाचा ताफा आमच्या डोळ्यासमोरून गेला. लाल दिव्यांची ती लांबच लांब रांग वळणावर एक-एक करत विझत गेली आणि आम्ही टपरीवर डोसे खात बसलो, नऊपर्यंत. आईच बिचारी सगळ्यांना सॉरी म्हणत होती. तेव्हा सांगतो, प्रत्येकी तीन झेरॉक्स घरूनच घेऊन निघा, एजंटवर सोडू नका.

राखीव जंगलातले नियम गाडी सुटायच्या आधी सांगतात आणि बोर्डावरही लिहिलेत. गाडी थांबवायची नाही, ओव्हरटेक नाही, ४० च्या वर वेग नाही, काचा वर, कॅमेरा-मोबाईल आत, खायला काही द्यायचं नाही. फोटो काढला तर तुरुंगाची शिक्षा आहे, नुसता दंड भरून सुटका नाही. १९५६ ची नियमावली आहे आदिम जमातींच्या संरक्षणाची, ती नंतर अजून कडक केली.

यावर जरा बोलायचंच आहे मला. जारवा मोजून काही शे, २०११ च्या जनगणनेत ३८० होते. हा रस्ता सत्तरच्या दशकात त्यांच्या जंगलातून काढायला घेतला तेव्हा त्यांनी त्याला चांगला विरोध केला, बाण मारून. १९९८ च्या सुमारास ते आपण होऊन बाहेर यायला लागले आणि पाठोपाठ त्यांच्यात गोवराची साथ आली. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रस्त्याचा हा भाग बंद करा असं सांगितलं, तो काही बंद झाला नाही. आणि २०१२ साली तो व्हिडिओ बाहेर आला ज्यात टुरिस्टांसमोर जारवा बायकांना नाचायला लावलं होतं, ते तर सगळ्यांनी बातम्यांत बघितलं असेल. पण उत्तरेकडच्या लोकांचं म्हणणंही ऐका, रंगतच्या बाईला पेशंट घेऊन ब्लेअरच्या मोठ्या हॉस्पिटलला जायचं तर हाच रस्ता, भाजी-गॅस-औषधं हाच रस्ता. दोन्ही खरं आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढं वाटतं की सकाळी गेलो, दुपारी आलो अशा बाराटांग डे-ट्रिपसाठी त्या जंगलातून दिवसाला दोनदा गाडी काढायची, आणि त्यातही गुहेपेक्षा 'जारवा दिसतील का हो' हेच डोक्यात, हे बरं नाही. आमच्या मागच्या गाडीतले काका चहाच्या टपरीवर ड्रायव्हरला तेच विचारत होते, दिसतात का, कुठल्या बाजूला बसू. ड्रायव्हर म्हणाला, सर, झू नहीं है. त्यानंतर काका गप्प.

म्हणून म्हणतो, जायचं तर पुढे जा. एकदा जा, एकदा या, मध्ये चार-पाच दिवस उत्तरेत घालवा. नाहीतर एक बाजू जहाजाने करा, पोर्ट ब्लेअरहून रंगत, मायाबंदर, डिगलीपूरला सरकारी बोटी असतात. हॅवलॉकहून लाँग आयलंड करत रंगतला जाणारी बोट तर फारच सोयीची, हॅवलॉक झाल्यावर परत ब्लेअरला यायची गरजच नाही, जाताना बोट आणि येताना रस्ता. आम्हाला हे उशिरा कळलं. बोटी रोज असतातच असं नाही आणि हवा बिघडली की रद्द होतात, तेवढं धरून चला.

गाडी की बस? म्हातारी माणसं असतील तर गाडी, आणि गाडी डिगलीपूरपर्यंत आणि परत अशीच ठरवा, तुकड्या-तुकड्यांत घेतली तर महाग पडते. एकटे-दुकटे असाल तर एसटीएसची बस, म्हणजे त्यांची एसटीच, मोहनपुऱ्याच्या स्टँडवरून भल्या पहाटे सुटते. तिकीट आदल्या दिवशी काढा. बसचा एक मोठा फायदा म्हणजे कॉन्व्हॉयच्या फॉर्मची कटकट तुमच्या डोक्याला नाही. भाड्याची स्कूटर ब्लेअरजवळच्या चिडिया टापू, वंडूरपुरती ठीक, या रस्त्याला तिचा विचार नको. गाडी लागत असेल तर गोळी निघायच्या आधी घ्या, जिरकाटांगनंतर थांबवता येत नाही हे वर सांगितलंच. बाबांचा सगळा प्रवास आवळासुपारीवर निभावला. आणि हो, बाथरूमला जिरकाटांगलाच जाऊन घ्या.

मिडल स्ट्रेटला उतरलात की गाडी बार्जवर जाते आणि माणसं चालत चढतात, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे निलांबूर जेटी. चुनखडीची गुहा बघायची असेल तर ती इथूनच, स्पीडबोटने खारफुटीच्या बोगद्यातून जायचं आणि मग किलोमीटर-सव्वा किलोमीटर चालायचं. सोमवारी गुहा बहुतेक बंद असते, विचारून घ्या. खरं सांगू, गुहेपेक्षा ती बोट भारी. चिखलाच्या ज्वालामुखीची मात्र फार अपेक्षा ठेवू नका, बुडबुडे येतात अधूनमधून, बाबा म्हणाले आपल्याकडे पावसाळ्यात गल्लीत येतात तसे.

रंगतला आमकुंज बीच आणि धनी नाल्याचा खारफुटीतला लाकडी पूल, दोन्ही आई-बाबांना सहज जमलं. मायाबंदरला करमाटांग बीच, आणि आसपास कारेन लोकांची गावं आहेत, ब्रिटिशांनी १९२५ मध्ये बर्मातून आणलेली. त्या पुढे बहुतेक वस्ती बंगाली, फाळणीनंतर वसवलेली, त्यामुळे डिगलीपूरच्या बाजारात मासळी घेताना आपण कुठल्यातरी बंगालच्या खेड्यात आहोत असंच वाटतं. मच्छी-भात अप्रतिम. हिंदी सगळीकडे चालते.

डिगलीपूरला एरियल बे जेटीवरून रॉस आणि स्मिथ ही जोडबेटं करा, वन खात्याचं परमिट तिथेच मिळतं, आणि ओहोटीची वेळ आधी विचारा कारण दोघांना जोडणारी वाळूची पट्टी भरतीला पाण्याखाली जाते. हे रॉस वेगळं, पोर्ट ब्लेअरसमोरचं वेगळं, आमच्या मावशीने फोनवर अर्धा तास वाद घातला की आम्ही रॉस बघितलंय, अवशेष आहेत तिथे, हरणं आहेत. कालीपूरच्या किनाऱ्यावर डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्री कासवं अंडी घालायला येतात. सॅडल पीक ७३२ मीटर, अंदमानातलं सगळ्यात उंच शिखर, गुडघे शाबूत असतील तर चढा.

पैसे रोख ठेवा. समुद्राखालची इंटरनेटची केबल २०२० मध्ये आली आणि ती रंगतपर्यंत पोचलीये, पण जंगलात रेंज नाही आणि उत्तरेत यूपीआय कधी चालेल कधी नाही. डिझेलची टाकी ब्लेअरलाच फुल करून घ्यायला सांगा. सूर्य लवकर मावळतो, डिसेंबरात पाचला अंधार, घड्याळ आपलंच असलं तरी, त्यामुळे सगळे प्लॅन पुण्या-मुंबईपेक्षा तासभर आधीचे धरा.

परतीला डिगलीपूरहून पहाटे चारला निघालात तर मिडल स्ट्रेटचा दुपारचा कॉन्व्हॉय मिळतो. तो चुकला तर तीनचा शेवटचा, तोही चुकला तर मुक्काम बाराटांगला आणि तिथे खोल्या मोजक्याच. त्यामुळे परत आल्याच्या दुसऱ्या दिवशीचं सकाळचं विमान घेऊ नका, मध्ये एक अख्खा दिवस ठेवा. आम्ही ठेवला होता, आणि वापरला पण, कारण बार्ज दीड तास बंद पडली होती आणि जेटीवर सगळे उतरून लिंबू सरबत पीत उभे होते, ताफ्यातले पोलीससुद्धा.